रेषेच्या वरचं गाव

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लिहिला होता, कॉम्प्युटर. नातसुनेला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. पण साठ सालच्या आसपास सरकारी कचेऱ्यांत आकडेमोड करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटर म्हणत. अमरावतीच्या आमच्या कचेरीत असे तीन होते, दोन पुरुष आणि तिसरी मी. तिघांत मिळून हाताने फिरवायचं एक गणकयंत्र. गुणाकाराला हँडल पुढे फिरवायचं, भागाकाराला मागे. भागाकारात एक फेरा जास्त झाला की आतली घंटा टिण् करायची, मग एक फेरा परत घ्यायचा. घंटा बराच वेळ वाजली नाही तर गोळेसाहेब आपल्या खोलीतून ओरडायचे, "काय हो, चहा आला वाटतं?"

गोळेसाहेब पुण्याकडचे इंजिनियर. वऱ्हाडी माणूस नुसतं "काय पायजे?" म्हणाला तरी तो अंगावर येतोय असं त्यांना पहिली दोन वर्षं वाटत असे. माणूस कामाचा पक्का आणि मनाचा सरळ. स्त्रीला या कामावर घ्यावं की नाही यावर वर कुठेतरी खल चालला होता, तेव्हा "भागाकाराला बाई-पुरुष कळत नाही" एवढंच लिहून त्यांनी कागद परत पाठवला होता, असं मला मागाहून कळलं.

आमचं काम असं. वऱ्हाडातल्या ज्या गावांत नळयोजना झाल्या होत्या, त्या नीट चालतात का हे आम्ही आकड्यांवरून ठरवायचं. यात काय मोठंसं, असं बाहेरच्याला वाटेल. टाकीतून किती पाणी सुटलं ते पाहा, घरोघरी किती पोचलं ते पाहा, मधलं ते गळलं. पण घरोघरी मीटर होते कुठे? टाकीवर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी असायची, त्यामुळे सुटलं किती ते कळे. पोचलं किती ते एक देव जाणे आणि दुसरा चावीवाला. चावीवाला म्हणजे गल्लोगल्लीच्या नळाची चावी ठरल्या वेळी उघडणारा आणि बंद करणारा नगरपालिकेचा माणूस.

म्हणून साहेबांनी संख्याशास्त्राची वाट धरली. बाराएक गावं घ्यायची. प्रत्येकाची लोकसंख्या, नळजोडण्या, नळाची लांबी, गुरंढोरं, नळ रोज किती तास सुटतात, असं सगळं आठ रकान्यांत लिहून काढायचं. मग सूत्र बसवायचं, की एवढी माणसं, एवढ्या जोडण्या, एवढे तास असले तर साधारण एवढं पाणी लागावं. आलेखाच्या कागदावर ते सूत्र म्हणजे एक तिरपी रेषा आणि प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका. ठिपका रेषेखाली असला तर गाव काटकसरी. रेषेच्या वर असला तर पाणी कुठेतरी वाया जातंय. साहेब याला मॉडेल म्हणत, पुस्तकात समाश्रयण असा जड शब्द होता, आणि आमचा चपराशी म्हणायचा "गावायची कुंडली". मला शेवटपर्यंत चपराशाचंच नाव पटलं.

आकडे गावांकडून यायचे, आणि पाठवणाऱ्यांच्या नाना तऱ्हा. एका पंपवाल्याच्या वहीत महिनाभर एकच आकडा. त्यातले चार दिवस पंप दुरुस्तीसाठी खोलून ठेवलेला होता, त्या चार दिवसांतही पठ्ठ्याने रोजचं पाणी टाकीत चढवलं होतं. विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमच्याच कागदावर लिवलं हाय नं, का एकबी रकाना रिकामा ठेवू नये?" दुसऱ्या एका गावच्या कारकुनाने गुरांच्या रकान्यात नगरपालिकेच्या सभासदांची संख्या भरून पाठवली. ती चूक होती की मुद्दाम, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

तर अशा आकड्यांतून, वर्षभर हँडल फिरवून, आमची पहिली कुंडली तयार झाली. त्यात एक ठिपका सगळ्यांपासून फटकून, रेषेच्या पार वर जाऊन बसला होता. गाव अकोल्याहून बार्शीटाकळीच्या पलीकडे, मोटारीने तासाभराचं. नाव सांगत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत. मी गणित तीनदा केलं. ठिपका हलेना. मग मी त्याच्याभोवती लाल पेन्सिलने छानपैकी गोल काढला, आणि खाली लिहिलं, "हिशेब न लागणारे पाणी फार. चौकशी व्हावी." आपलं वाक्य सरकारी कागदावर टंकलिखित होऊन गेलेलं पाहून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दोन महिन्यांनी त्या नगरपालिकेचं पत्र आलं. चोर सापडला होता. गावचा चावीवाला सुखदेव तायडे हा आपल्या वस्तीची, म्हणजे बौद्ध वस्तीची चावी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवतो, असा संशय पूर्वीपासून होताच; आता सरकारी आकड्यांनीच तो सिद्ध झाला. त्याला कामावरून काढायचं आहे. तीन आठवड्यांनी चौकशीची सभा आहे, मूळ आकडे घेऊन कुणीतरी हजर राहावं.

साहेब खूश झाले. खोटं कशाला सांगू, मीही झाले. कागदावरच्या गोलात खरोखरीचा माणूस सापडला, हे आमच्या धंद्यात रोज होत नाही. फक्त साहेब म्हणाले, "सभेत कुणी विचारलं की त्या वस्तीत नेमकं किती पाणी जातं, तर काय सांगाल? आधी जाऊन मोजून या."

अकोल्याला जठारपेठेत माझी थोरली बहीण, आक्का, राहायची. तिच्याकडे मुक्काम टाकला आणि रोज सकाळच्या मोटारीने त्या गावी जायला लागले. पहिल्याच दिवशी नगरपालिकेच्या दारात तायडे उभा. चाळिशीचा, काटक, खांद्यावर नळ उघडायची छातीएवढी लांब लोखंडी चावी. काढायचं ठरलं होतं तरी चावी त्याच्याच खांद्यावर होती, कारण गावच्या सगळ्या चाव्या दुसऱ्या कुणाला उघडता येत नव्हत्या. त्याने नमस्कार केला आणि थेट विचारलं,

"बाई, तुमच्या कागदात माह्यं नाव हाय का?"

"नाही. कागदात नुसतं गावाचं नाव आहे."

"मंग मले काहून सांगून राहिले, का सरकारी कागदात तुह्यं नाव निंघालं?"

मी वही काढली आणि म्हटलं, चला, चाव्या दाखवा.

त्याने साऱ्या गावच्या चाव्या दाखवल्या. कुठली किती आटे फिरवायची, हे त्याच्या डोक्यात. "हे अकरा आट्याची. बारावा देला का पुढच्या गल्लीचं पानी तुटते. हे उलटी हाय, डावीकडं खुलते. बसवनारा मिस्त्रीच उलट्या डोस्क्याचा होता." उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की नळाचे सांधे उघडतात, तेव्हा कुठला सांधा रडणार हेही त्याला आधी ठाऊक असायचं. माझ्या मॉडेलमध्ये जे आठ रकाने होते, त्याहून जास्त तो चालता चालता सांगत होता, आणि मी लिहून घेत होते.

त्याच्या वस्तीत एकच सार्वजनिक नळ. शेजारी विहाराचं जोतं बांधून झालं होतं, वर अजून भिंत नव्हती. त्या जोत्यावर बसून मी तीन दिवस घागरी मोजल्या. नळ येण्याआधीपासून रांग लागायची. तायडेची बायको कौसाबाई पहिल्या दिवशी माझ्याकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तिने मुकाट्याने पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला, आणि मी पिते की नाही ते बघत उभी राहिली. मी प्यायले. मग ती शेजारी बसली आणि कुणाची घागर केवढी मावते ते सांगायला लागली. तिच्यामुळे माझं मोजमाप पुष्कळ सुधारलं.

तीन दिवसांची बेरीज केली, तर माझ्या सूत्राप्रमाणे माणशी जेवढं पाणी लागायला हवं, त्याच्या निम्मंही तिथे येत नव्हतं. मी नगराध्यक्षांना, नानासाहेबांना, ते सांगायला गेले. नानासाहेब मोठे शेतकरी, दोनशे पावलांवरून ऐकू येईल असा आवाज, मनाने वाईट नव्हेत. ते म्हणाले, "बाई, तुमी वही घेऊन बसल्या म्हनून तो आता कमी सोडत असन. चोर काय पोलिसापुढं चोरी करते?"

मुद्दा बिनतोड होता. पाणी तायडेच्या वस्तीत जात नाही, एवढं सांगून भागणार नव्हतं. ते कुठे जातं हे दाखवलं तरच त्याची नोकरी वाचणार होती, आणि ती घालवणारा कागद माझ्या हातचा होता. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. तायडेला घेऊन मी सगळे सांधे तपासले, कुठे ओल दिसते का बघितलं, दोन ठिकाणी खणूनही पाहिलं. माती कोरडी ठणठणीत.

एका संध्याकाळी मोटारीला वेळ होता म्हणून नानासाहेबांच्या पत्नीने, काकूंनी, मला चहाला बोलावलं. या गावात नळ दोनदा यायचे, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. निवडणुकीत तसा शब्द दिला होता आणि पाळलाही होता. गावाला त्याचा फार अभिमान. मी कपबशी हातात घेते न घेते तोच नळ आले. त्याबरोबर काकू आणि त्यांची सून पदर खोचून उठल्या. सुनेने दोन भरलेले गुंड उचलून अंगणात ओतले. काकूंनी रांजण कलता केला. मग घागरी, कळशी, सगळं धडाधड रिकामं झालं.

मी म्हटलं, "काकू, भरलेलं पाणी का ओतता?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या मुलीला आईने काही शिकवलं नाही वाटतं. "शियं झालं नं, बाई. सकायचं पानी हाय थे. ताजं आलं तं शियं काहून ठेवा?"

शिळं पाणी. मी कपबशी खाली ठेवून दारात गेले. गल्लीत प्रत्येक घरापुढे एकेक ओघळ निघाला होता आणि सगळे मिळून नालीला लागले होते. बाकीच्या गावांत नळ एकदाच यायचे, तिथे शिळं पाणी दिवसातून एकदा ओतलं जायचं. इथे दोनदा. आणि आमच्या छापील कागदावर "नळ किती तास" असा रकाना होता, "किती वेळा" असा नव्हता. दोन तास म्हणजे दोन तास. ते सलग की तोडून, हे विचारायचं ना साहेबांना सुचलं, ना मला.

साहेबांचं मी समजू शकते, त्यांनी आयुष्यात रांजण भरला नव्हता. पण त्याच दिवशी सकाळी आक्काच्या घरी नळ आल्याबरोबर कालचं पाणी मोरीत उपडं करणारी मीच होते. नांदगाव खंडेश्वरला माहेरी विहिरीचं पाणी होतं तेव्हाही रात्रीचं पाणी सकाळी झाडांना जायचं. डोकं गणिताचं, हात घरचे, आणि दोघांची कधी ओळखच झाली नव्हती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मोटार सोडून दिली आणि तशीच तायडेच्या वस्तीत गेले. कौसाबाईला विचारलं, "तुम्ही शिळं पाणी ओतून टाकता का हो?"

ती हसली. "पान्याले शियं म्हनासाठी आंदी थे उराले पायजे, बाई."

दुसऱ्या दिवशी मी नानासाहेबांसमोर सगळं मांडलं. म्हटलं, आठ दिवस संध्याकाळचे नळ बंद ठेवा. सकाळी एकाऐवजी दोन तास सोडा. पाण्याचे तास तेवढेच. टाकीची पट्टी काय सांगते ते पाहू.

"संध्याकायचा नळ बंद? लोकं मले गावात राहू देतीन का?"

काकू दारामागून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. "आमी पानी फेकतो, अन् त्या मानसाच्या पोटावर पाय? अशानं देव भलं करन का? करा बंद आठ दिवस. बायायले मी सांगतो."

वऱ्हाडात बाई "सांगतो" म्हणाली की ती खरोखर सांगते. काकू घरोघर फिरल्या. तरी पहिले दोन दिवस बायका मला मोटारीपर्यंत शिव्या पोचवायच्या. मी मान खाली घालून जायची. टाकीवर मात्र तायडेला चढू दिलं नाही, आणि मीही एकटी चढले नाही. नगरपालिकेचा कारकून बरोबर घ्यायची, म्हणजे मागाहून कुणाला बोलायला जागा नको. रोज सकाळी नळ बंद झाले की पट्टी वाचायची. चौथ्या दिवसापासून फरक दिसायला लागला. आठव्या दिवशी मी तो नवा ठिपका मांडला. अगदी रेषेवर आला असं मी म्हणणार नाही, तसं फक्त पुस्तकात होतं. पण लाल गोलातून तो बाहेर पडला होता आणि इतर गावांच्या पंक्तीला येऊन बसला होता.

सभेला गोळेसाहेब स्वतः आले. मी उभी राहून सांगितलं, की ठिपका रेषेच्या वर आहे याचा अर्थ तिथे कुणी चोर आहे असा होत नाही. रेषेला माहीत नसलेलं काहीतरी तिथे आहे, एवढाच होतो. ते काय असेल हे न बघता मी "चौकशी व्हावी" असं लिहिलं, ही माझी चूक. साहेबांनी "आमची चूक" असं हळूच दुरुस्त केलं. त्या एका शब्दासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. नानासाहेब त्यांच्या त्या आवाजात हसले. "म्हंजे भोक आमच्याच सैपाकघरात होतं म्हना की!" सगळी सभा हसली. तायडेची नोकरी राहिली.

तो दाराशी चावी घेऊन उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तायडे, माझ्या कागदामुळे तुम्हाला दोन-अडीच महिने त्रास झाला. मला माफ करा." सरकारी बाईने चावीवाल्याची माफी मागावी, हे तिथल्या दोघातिघांना आवडलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तायडे हसला नाही. म्हणाला, "माफीचं जाऊ द्या, बाई. मी सुटलो कशानं? आमच्या वस्तीत पानीच कमी येते, म्हनून सुटलो. उद्या सारे खूश होऊन घरी जातीन. पन थे कमी येते, हे तुमी कोन्या कागदात लिवसान?"

मोटारीत बसल्यावर मला रडू आलं, आणि रागही आला, आणि दोन्ही कुणावर ते कळेना. घागरी मी मोजल्या होत्या. निम्मंही नाही, हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. ते मी एका माणसाचा निर्दोषपणा दाखवायला वापरलं आणि वही मिटली. तिथे खरोखरीच काहीतरी चुकलेलं आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर मी नव्या अहवालात दोन रकाने वाढवले. एक, नळ किती वेळा येतात. दुसरा, गावातल्या वस्तीवस्तीत माणशी किती पाणी पोचतं. पहिला रकाना साहेबांनी लगेच उचलला. दुसऱ्यावर आमचं वाजलं. "हे कार्यक्षमतेत बसत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग कार्यक्षमता मोठी करा." चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी कागद सहीसकट माझ्या टेबलावर आला. आतापावेतो मी पुष्कळ मॉडेलं बसवली, पुढे खरीखुरी यंत्रं आली तीही शिकले, पण एवढ्या ताठ मानेने कुठल्याच कागदाची प्रत ठेवून घेतली नाही. एक खंत मात्र आहे. तो लाल गोलाचा पहिला कागद मी परत मागवायला हवा होता. नवा जोडला गेला, जुनाही फायलीत तसाच राहिला, आणि पुढे कुणी ती फाईल उलगडली असेल तर आधी काय दिसलं असेल कोण जाणे.

त्या गावात संध्याकाळचे नळ पुन्हा सुरू झाले नाहीत. बायका वर्षभर कुरकुरल्या आणि मग विसरल्या. वाचलेलं पाणी टाकीत राहायला लागलं, तेव्हा त्याचं काय करायचं हा प्रश्न सभेत निघाला. नानासाहेबांनी अहवालातला तो दुसरा रकाना मोठ्याने वाचून दाखवला, असं मला कारकुनाने पत्रातून कळवलं. बौद्ध वस्तीत तीन नवे नळ बसले. त्यांच्या चाव्या किती आट्यांच्या, ते तायडेने ठरवलं.

पुढल्या साली पुन्हा सगळ्या गावांचे आकडे आले, पुन्हा हँडल फिरवलं, पुन्हा ठिपके मांडले. गोळेसाहेब कागदावर वाकून बघत होते. त्यांचं बोट त्या गावावर थांबलं. ठिपका गेल्या सालच्या नव्या ठिपक्यापेक्षा बोटभर वर सरकला होता.

"अरेरे," ते म्हणाले, "हे गाव पुन्हा बिघडलं का हो?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "सुधारलं."